शेजाऱ्याची गोळी आपल्याला नको

रक्तदाबाचा विकार एकच, तेव्हा त्यावरील औषधही एकच असावे, अशी समजूत आम्हांला खेडोपाडी आढळते. एकाला मानवलेली गोळी शेजारीही मागून नेतो. यात मोठा धोका आहे.

पूर्वी निवडीला फारसा वावच नव्हता. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या मुळीचा गुण पाश्चात्त्य वैद्यांपुढे मांडला, तेव्हा तीच मोठी सोय वाटली. आज औषधांचे अनेक वर्ग आहेत व प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे.

अॅम्लोडिपीनने रक्तवाहिन्या सैल होतात; पण काहींचे घोटे सुजतात. एनालाप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो. टेल्मिसार्टनने तो सहसा लागत नाही. मधुमेही रुग्णाच्या लघवीतून प्रथिने जात असल्यास या दोहोंपैकी एखादे मूत्रपिंडाला हितकर ठरते. मात्र गर्भवतीने ही दोन्ही घेऊ नयेत. पोटातील बाळाला ती घातक आहेत. तिच्यासाठी डॉक्टर मेथिलडोपासारखे औषध निवडतात. अॅटेनोलॉलने दमेकऱ्याचा दमा बळावू शकतो.

म्हणून आम्ही वाचकांना विनवितो की, डॉक्टरांकडे गेल्यावर दमा, मधुमेह, गर्भारपण आणि चालू असलेल्या साऱ्या गोळ्या निःसंकोच सांगाव्या. सांधेदुखीच्या कित्येक गोळ्यांनीही रक्तदाब चढतो. औषधाने त्रास झाल्यास ते आपणहून न सोडता बदलून मागावे. रक्तदाब पुष्कळदा काहीही न दुखविता वाढतो. बरे वाटते एवढ्यावरून औषध बंद करणे शहाणपणाचे नव्हे.