शहर कोणाचं? गिरणगाव, अमर शेख आणि बेलग्रेडचं पिवळं बदक



परिसर अभ्यासात 'शहर' आलं की आपण रस्ते, दवाखाने, कारखाने, उंच इमारती सांगून मोकळे होतो. ते शहर कोणी उभं केलं आणि काम संपल्यावर त्या माणसांचं काय झालं, हे मात्र सांगायचं राहून जातं. आपल्या येरमाळ्याकडच्या वर्गांत अशी मुलं असतात, ज्यांचे आईवडील पुण्या-मुंबईला कामाला आणि मुलं आजी-आजोबांजवळ. त्यांच्यासाठी हा प्रश्न पुस्तकातला नाही, घरातलाच आहे. म्हणून आज थोडं सविस्तर.

सुरुवात शेजारच्या बार्शीपासून करू. शाहीर अमर शेख तिथले. जन्म 1916 चा, मूळ नाव मेहबूब पटेल. पोटासाठी गाडीवर क्लीनर म्हणून आणि गिरणीत कामगार म्हणून ते राबले आणि पुढं मुंबईला गेले. 1944 साली त्यांनी अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक काढलं. कामगार वस्तीत, चाळीच्या पटांगणात, मैदानात त्यांचे कार्यक्रम व्हायचे. अण्णा भाऊंनी तमाशाचा साचा तोच ठेवला, पण गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि शिवाजी महाराजांना वंदन केलं. वगात राजा-प्रधान जाऊन सावकार, शेतकरी आणि कामगार आले. आपल्या मुलांना येडेश्वरीच्या यात्रेमुळं गोंधळ आणि आराधी गाणी ओळखीची आहेत. तेव्हा 'ओळखीच्या चालीत नवी गोष्ट' ही कल्पना त्यांना पटकन कळते, वेगळं समजवावं लागत नाही.

ही मंडळी जिथं गात होती ते गिरणगाव, म्हणजे लालबाग, परळ, शिवडी, वरळीचा पट्टा. एका खोलीत दहा-पंधरा गडी आळीपाळीनं झोपायचे, बायका-मुलं गावी. यांना जेवू कोण घालायचं? खानावळवाल्या बाया. स्वतःच्याच खोलीत चूल पेटवून त्या डबे द्यायच्या, पण बँक त्यांना दारात उभं करत नव्हती. प्रेमा पुरव यांनी 1975 साली याच बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि कर्जाची वाट काढून दिली. चळवळ म्हटलं की आपल्याला मोर्चाच दिसतो, पण माझ्या मते डबे करणाऱ्या बायांची ही संघटना मोर्चाइतकीच मोठी गोष्ट आहे.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागं घेतला असं कधी झालंच नाही. गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि कितीतरी कुटुंबं गावाकडं परतली.

आता 1991 हे साल फळ्यावर मोठं लिहा. त्याच वर्षी सोव्हिएत संघ संपला. पूर्व युरोपात सरकारी कारखाने, जमिनी, घरं खासगी हातात जाऊ लागली होती. त्याच वर्षी भारतात नवं आर्थिक धोरण आलं. आणि त्याच वर्षी मुंबईत गिरण्यांच्या जमिनीसाठी नियम आला. जागेची विक्री किंवा विकास करायचा असेल तर ढोबळमानानं एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. 2001 मध्ये हा नियम बदलला. वाटणी पूर्ण जमिनीची नाही, तर फक्त बांधकाम नसलेल्या जागेची करायची असं ठरलं.

हे पाचवीच्या गणितात घ्या. समजा, जागा 60 गुंठे, त्यातल्या 45 वर गिरणीच्या इमारती. जुन्या नियमानं प्रत्येकी 20 गुंठे. नव्या नियमानं वाटायला उरले 15, म्हणजे प्रत्येकी 5. मुलं स्वतःच म्हणतात, "मग 45 कोणाचे?" प्रकरण कोर्टात गेलं आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बदललेला नियम कायम ठेवला.

असा प्रश्न फक्त मुंबईला पडला नाही. स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना इथं सैन्यानं सोडलेली मेटेल्कोवा बराक पाडायला घेतली, तेव्हा 1993 च्या सप्टेंबरात तरुण आणि कलाकार आत शिरून राहिले. आजही तिथं चित्रं, गाणी, नाटकं चालतात. सर्बियात बेलग्रेडला नदीकाठची जुनी वस्ती हटवून टॉवर बांधायचे ठरले, तेव्हा लोक मोठं पिवळं बदक घेऊन रस्त्यावर आले. तिथल्या बोलीत बदक म्हणजे फसवणूक असाही अर्थ निघतो! 2016 च्या एप्रिलमध्ये एका रात्री तोंडं झाकलेल्या माणसांनी त्या भागातली बांधकामं पाडली आणि पुढं हजारो लोकांचे मोर्चे निघाले. टॉवर तरी झालेच.

पोलंडमधल्या व्रोत्स्वाफची गोष्ट आणखी विचार करायला लावते. 1980 च्या दशकात सरकार भिंतीवरच्या घोषणा रंग फासून झाकायचं आणि तरुण त्याच डागांवर बुटके काढायचे. आज त्या बुटक्यांचे ब्राँझचे पुतळे पर्यटक शोधत फिरतात. आपल्याकडं फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला आणि गिरणीची चिमणी तिथं शोभेला उभी राहिली. आठवण जपली म्हणावं की विकली?

मुंबईत मात्र आठवण माणसांनीही धरून ठेवली. जयंत पवारांचं 'अधांतर' हे नाटक 1997 मध्ये आलं. संपानंतर एका कामगाराच्या घरात काय झालं ते त्यात आहे. पालकांनी जरूर वाचावं, मुलांना मोठी झाल्यावर द्यावं. दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सोबत्यांनी बंद गिरण्यांच्या कामगारांची संघटना बांधली आणि 'घर द्या' ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली.

वर्गात एक काळजी घ्या. "तुझे वडील काय करतात?" असं सगळ्यांसमोर विचारू नका. घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारून या म्हणावं, की आपल्या भावकीतलं कोण शहरात गेलं, कुठं राहिलं, का परतलं. ज्याला सांगायचं असेल तो सांगेल.

आणि मुलं हमखास विचारतात, "मग घरं मिळाली का?" तर 2012 मध्ये म्हाडानं गिरणी कामगारांसाठी सोडत काढली, 6,925 घरांची. अर्ज होते दीड लाखाच्या आसपास. कितीतरी जणांच्या घराचा अर्ज आता त्यांच्या मुला-नातवंडांच्या हातात आहे.