एम. ए. इकॉनॉमिक्स : मागणी जोरदार, किस्से चवदार!

अर्थशास्त्रात मास्टर्स म्हणजे नुसते आलेख आणि जांभया? छे! हे वाचा, मग बोला.

गणिताशी गाठ! इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटला क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्समध्ये मास्टर्स करायचंय? माहीत आहे का, प्रवेशपरीक्षेचा पहिला अख्खा पेपर गणिताचाच असतो! पण आत शिरलात की दरमहा स्टायपेंड. आकडेमोड वसूल!

डबल धमाका! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मास्टर्स किती वेळा केलं, माहीत आहे का? दोनदा! 1915 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबियातून एम. ए., 1921 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून एम. एस्सी. पाठोपाठ 1923 मध्ये तिथूनच डी. एस्सी. आणि त्या प्रबंधाचा विषय? आपला रुपया!

प्रबंध झाला गोड! धनंजयराव गाडगीळांनी केंब्रिजला एम. लिट.साठी भारताच्या औद्योगिक वाटचालीवर लिहिलं. 1924 मध्ये त्याचं पुस्तक निघालं आणि आवृत्त्यांवर आवृत्त्या खपल्या. पुढे हेच गाडगीळ पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे पहिले संचालक आणि प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष. लायब्ररीतून थेट उसाच्या फडात!

तिहार ते स्टॉकहोम! 1983 मध्ये जेएनयूत एम. ए. करणारा एक विद्यार्थी आंदोलनात पकडला गेला आणि काही दिवस तिहार जेलमध्ये राहिला. 2019 मध्ये त्यालाच नोबेल! नाव अभिजित विनायक बॅनर्जी. आणि त्याची आई? माहेरची पाटणकर! अर्थतज्ज्ञच!

नळाला आली इकॉनॉमी! फिलिप्स कर्व्ह घोकताय? त्या बिल फिलिप्सने 1949 मध्ये पाण्यावर चालणारं अर्थव्यवस्थेचं मशीन बनवलं होतं! माणसापेक्षा उंच, पारदर्शक टाक्या, नळ्या, व्हॉल्व्ह. टॅक्स वाढवा, पाणी सरकारी टाकीकडे वळलंच. मॅक्रोइकॉनॉमिक्स डोळ्यांदेखत खळखळायचं!

गुरुजी गूगलमध्ये! मायक्रोसाठी हॅल व्हेरियनचं पुस्तक हातात असतं ना? माहीत आहे का, हे व्हेरियन पुढे गूगलचे चीफ इकॉनॉमिस्ट झाले! तुम्हाला दिसणाऱ्या जाहिरातींच्या लिलावामागे त्यांचंही डोकं आहे.

लाइट्स, कॅमेरा, इकॉनॉमिक्स! रिझर्व्ह बँकेने 1987 मध्ये स्थापलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था कुठे आहे? गोरेगावात, फिल्मसिटीच्या शेजारी! तिकडे हीरोचा ग्राफ चढतो, इकडे डिमांडचा कर्व्ह उतरतो.

पानं मोजू नका! डिझर्टेशनचं टेन्शन आलंय? गेम थिअरी बदलून टाकणारा जॉन नॅशचा 1950 चा पीएच. डी. प्रबंध जेमतेम 28 पानांचा होता. नोबेलला पुरला!

आणि डिग्रीनंतर? यूपीएससी इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसची स्वतंत्र परीक्षा घेते. वय 21 ते 30 हवं आणि अर्थशास्त्रातली मास्टर्स तर हवीच. म्हणजे देशाच्या धोरणांच्या फायलींपर्यंत जाणारा एक दरवाजा फक्त तुमच्यासाठी राखीव! मग वाट कसली बघताय? कॅलक्युलस काढा, सरावाला लागा!