दाखल नोंदवही आणि तिची राखणदार

सार्वजनिक वाचनालयात नवं पुस्तक आलं की ते थेट कपाटात जात नाही. आधी दाखल नोंदवही उघडते. जाड पुठ्ठ्याची, लांबरुंद वही. तारीख, दाखल क्रमांक, लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, प्रकाशनवर्ष, पानं, किंमत, खरेदी की भेट, बिलाचा क्रमांक आणि अगदी उजवीकडे शेऱ्याचा अरुंद रकाना. क्रमांक पडला की पुस्तक वाचनालयाचं झालं. तोच क्रमांक शिक्क्यासह शीर्षकपानावर चढतो आणि मधल्या एका ठरलेल्या ‘गुप्त पाना’वरही. शीर्षकपान फाडून कुणी पुस्तक पळवलं, तरी गुप्त पान चुगली करतं. एकदा दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्या पुस्तकाला मिळत नाही. पुस्तक हरवो, वाळवी खावो, छप्पर गळून भिजो. क्रमांक त्याच्याच नावावर राहतो. शेऱ्याच्या रकान्यात फक्त ‘बाद’ असं येतं, सोबत कार्यकारिणीच्या ठरावाचा क्रमांक आणि सही.

संपादकांनी मला दक्षिण कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी पाठवलं ते वाचनालयाच्या दिनक्रमावर लिहायला. एकच अट होती : ‘वाचनसंस्कृती’ हा शब्द लेखात नको. अट पाळणं सोपं गेलं, कारण त्या वाचनालयात तो शब्द कुणी उच्चारलाच नाही. तिथे बोलणं होतं ते वर्गणीचं, बांधणीचं, गळक्या पन्हळीचं, तपासणीचं आणि नोंदवहीचं. ग्रंथपाल बाईंनी बोलण्याआधीच बजावलं, “माझं नाव छापू नका. गावाचंही नको. तपासणी तोंडावर आलीय, साहेबांना वाटायचं बाई पेपरात रडायला गेल्या.”

इतिहास कार्यालयाच्या भिंतीवर टांगलेला आहे. संस्थापकांच्या पगड्या, शताब्दीचा समूहफोटो, देणगीदारांची संगमरवरी पाटी. महाराष्ट्रातल्या जुन्या वाचनालयांची कुळकथा थोड्याफार फरकानं अशीच. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. आधी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आश्रयानं ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’, मग वकील-मास्तरांची बैठक, मग हळूहळू गावाची संस्था. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावलं आणि खेड्यापाड्यांत वाचनालयं व पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पोहोचवल्या. कोल्हापूर संस्थानानं १९४५ मध्येच ग्रंथालय कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यानं मधला रस्ता धरला : वाचनालय लोकांच्या नोंदणीकृत संस्थेनं चालवायचं, सरकारनं मान्यता, वर्ग आणि अनुदान द्यायचं. अ, ब, क, ड हे ते वर्ग. आज राज्यात अशी अकरा-बारा हजार वाचनालयं आहेत. आपलं हे त्यातलं ‘तालुका ब’.

सकाळी आठला शिपाई खालचं दार उघडतो तेव्हा पायरीवर चारपाच ज्येष्ठ मंडळी बसलेली असतात. मुक्तद्वार विभाग त्यांचा. इथे वर्गणी लागत नाही. येऊन हजेरीवहीत सही करायची आणि वर्तमानपत्र वाचायचं. सहीचा सगळ्यांना कंटाळा. पण तपासणीत वाचकसंख्या या सह्यांवरून मोजतात, म्हणून बाई पेन हातात देऊनच आत सोडतात. पहिला वाद अग्रलेखाच्या पानावरून, दुसरा पंख्यावरून आणि तिसरा शब्दकोड्यावरून. कोडं पेनानं भरायचं नाही, अशी पाटी आहे. पाटीखाली बसूनच ते भरलं जातं. महिन्याची रद्दी किलोवर विकली जाते आणि त्या शेदोनशे रुपयांचीही पावती फाटते.

दहानंतर देवघेवीचं टेबल जागं होतं. इथे अजून ब्राऊन पद्धत आहे. निना ब्राऊन या अमेरिकी ग्रंथपाल बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती रूढ केली. प्रत्येक पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून खिसा, खिशात पुस्तकाचं कार्ड. वाचकाकडे खिशासारखं तिकीट. पुस्तक दिलं की कार्ड तिकिटात घालायचं आणि ती जोडी परतीच्या तारखेमागे लाकडी ट्रेमध्ये उभी करायची. पुस्तक परत आलं की जोडी फोडायची. ट्रेकडे नुसतं पाहिलं तरी कुठलं पुस्तक कुणाकडे आहे, कुणाची मुदत टळली आहे, ते कळतं. शेजारी संगणक आहे. त्यात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय प्रणाली आहे आणि बाईंनी जमेल तशी निम्मी पुस्तकं तिच्यात चढवली आहेत. “पावसाळ्यात लाइट दोन-दोन दिवस नसते,” त्या म्हणाल्या. “ट्रेला लाइट लागत नाही.”

एक आजी पिशवी सावरत आल्या. “गे बाय, नवीन काय इला?” बाईंनी यादी दाखवली नाही. टेबलाखालून एक कादंबरी काढून दिली, आजींसाठी बाजूला ठेवलेली. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, ही त्यातली दोन. बाईंनी ती प्रमाणपत्र परीक्षेसाठी पाठ केली होती. टेबलाखालचा कप्पा मात्र अभ्यासक्रमात नव्हता.

बाई इथे लिपिक म्हणून लागल्या, तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं. आता मुलगा पुण्यात नोकरीला आहे. मधल्या काळातल्या दाखल नोंदवह्यांमध्ये बहुतेक अक्षर त्यांचंच. मी जुन्या वह्या मागितल्या तेव्हा त्यांनी आधी हात धुवायला लावले. सर्वांत जुन्या वहीत काळी शाई, वळणदार अक्षर, किंमत आणे-पैशांत. पुढे रुपये-नवे पैसे. साठच्या दशकाच्या पानांवर ‘स्वामी’ एकापाठोपाठ दोनदा दाखल झालेली दिसते, आणि पुढच्या पानांवर ‘मृत्युंजय’ची प्रत दर काही वर्षांनी नव्यानं. वाचून वाचून फाटल्याची ती खूण. उलट काही जाडजूड ग्रंथ असे, की पन्नास वर्षांत त्यांची कार्डं खिशातून बाहेर आलेलीच नाहीत. गावानं काय वाचलं आणि काय नुसतं विकत घेतलं, याचा इतका प्रामाणिक हिशेब कुठल्याच स्मरणिकेत मिळणार नाही.

वर्षातून एकदा पडताळणी होते. देवघेव बंद, कपाटं उघडी. एकानं कपाटातल्या पुस्तकाचा क्रमांक पुकारायचा, दुसऱ्यानं वहीत टिंब द्यायचं. जिथे टिंब नाही ते पुस्तक एकतर कुणाच्या घरी, एकतर चुकीच्या खणात, नाहीतर गेलं. बाईंचा जीव या टिंबांत अडकलेला असतो. गेल्या खेपेला एका नाट्यसंग्रहाला टिंब पडेना. पुस्तक ट्रेमध्ये नाही, बांधणीला नाही. तीन आठवड्यांनी ते सापडलं पाककृतींच्या खणात, एका मोठ्या पुस्तकाच्या आत दडलेलं. पुस्तकाची किंमत चाळीस रुपये. “बाद टाकलं असतं तर कुणी विचारलं नसतं,” मी म्हणालो. बाईंनी वही मिटली. “मला विचारलं असतं ना मी.”

पुस्तकाचे खरे शत्रू चोर नव्हेतच. कोकणात जून ते सप्टेंबर पुस्तकांना बुरशी धरते, मग कसर लागते, भिंतीला टेकलेल्या मांडणीला वाळवी चढते. म्हणून मांडण्या भिंतीपासून वीतभर पुढे. खणांत डांबराच्या गोळ्या, कडुनिंबाचा पाला. ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर पथारी पडते आणि पुस्तकं आळीपाळीनं ऊन खातात. बांधणीचं काम एक म्हातारे कारागीर करतात. खळीत मोरचूद घालून शिजवायची, म्हणजे किडा लागत नाही; आधी सुई-दोरा, मग पाठीला कापडाची पट्टी, वर पुठ्ठा. त्यांच्यानंतर तालुक्यात हे काम करणारं कुणी नाही. स्टेपलर मारून देणारे पुष्कळ आहेत, पण स्टेपलची पिन गंजते आणि दोन पावसाळ्यांत पान खाते.

दिवाळीत मात्र वाचनालयाला लग्नघराची कळा येते. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाला लागलेलं हे व्यसन छोट्या वाचनालयांना आजही जगवतं. वेगळी वर्गणी भरायची आणि फाल्गुनापर्यंत एकेक अंक नेऊन वाचायचा. अंक आले की बाई आणि लिपिक दोन रात्री बसून त्यांना प्लास्टिकची कव्हरं घालतात. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना तेच चारपाच अंक हवे असतात. कोणाला आधी आणि कोणाला नंतर, हे ठरवताना बाईंच्या अंगी जिल्हाधिकाऱ्याचा करारीपणा येतो.

वरच्या मजल्यावरची अभ्यासिका हे अलीकडचं प्रकरण. पहाटे सहाला उघडते. आसपासच्या वाड्यांमधून पहिल्या एसटीनं मुली येतात, पोलीस भरतीची, तलाठ्याची, राज्यसेवेची पुस्तकं घेऊन. घरी स्वतंत्र खोली नाही, इथे खुर्ची आहे, दिवा आहे, शांतता आहे. कार्यकारिणीतल्या काही ज्येष्ठांना हे पटत नाही. या मुली एक कादंबरी नेत नाहीत, मग हे वाचनालय कसलं, असा त्यांचा प्रश्न. बाईंचं उत्तर सरळ आहे : “पुस्तक त्यांचं, खुर्ची माझी. वाचतात ना? आणि लाइटबिल त्यांच्याच फीमधून निघतं.” मला बाईंचं पटलं. काळजीही वाटली. ज्या वाचनालयाचं वीजबिल परीक्षार्थींवर चालतं, ते परीक्षेचा हंगाम हलला की कशावर चालणार?

आणि इथून पुढे लेख हिशेबाकडे वळतो, कारण बाईंचं बोलणंही तिकडेच वळलं.

शासनानं २०२२ च्या अखेरीस ग्रंथालयांचं अनुदान ६० टक्क्यांनी वाढवलं. त्याआधीची वाढ २०१२ ची. म्हणजे मधली दहा वर्षं पुस्तकांच्या किमती, कागद, वीज सगळं वाढलं आणि अनुदान जागच्या जागी. त्या वाढीनंतर ‘तालुका ब’ वर्गाला वर्षाला ४,६०,८०० रुपये मिळू लागले. ऐकायला आकडा बरा. पण त्यातला निम्मा वेतनाचा, निम्मा वेतनेतर खर्चाचा. वेतनाचा वाटा २,३०,४०० रुपये, महिन्याला १९,२००. या वाचनालयात ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई असे तिघं आहेत. तिघांत वाटा. खेड्यातल्या ‘ड’ वर्गाची गत याहून अवघड होती : वर्षाला ४८,००० रुपये, निम्मे वेतनाला, म्हणजे ग्रंथपालाला महिना २,०००. वाढीपूर्वी हाच आकडा १,२५० होता. रोजगार हमीच्या मजुरीशी तुलना करायची तरी कशी?

यावर विचार झाला नाही असं नाही. प्रभा राव समिती झाली, व्यंकप्पा पतकी समिती झाली. कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती असाव्यात, ही मागणी दशकानुदशकं निवेदनांमधून फिरते आहे. तमिळनाडू आणि कर्नाटकात घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर गोळा होतो. महाराष्ट्राच्या कायद्यानं तो लावला नाही. त्यामुळे इथलं वाचनालय दरवर्षी सरकारी हप्त्याची वाट पाहतं. हप्ता उशिरा येतो, कधी मार्च संपता संपता, आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो. मग विक्रेत्यांचे गठ्ठे येतात. निवडायला वेळ नसतो, ज्यांवर जास्त सवलत, ती पुस्तकं घेतली जातात. बाईंनी वहीतली मार्चची पानं उघडून दाखवली. एका दिवसात शेकडो क्रमांक, व्यक्तिमत्त्व विकासाच्या आणि चरित्रांच्या एकसारख्या नावांच्या रांगा. त्यांतल्या कितीतरी पुस्तकांची कार्डं अजून कोरी आहेत. आजींनी जूनमध्ये मागितलेली कादंबरी मात्र त्या गठ्ठ्यात नव्हती. ती बाईंनी स्वतःच्या पैशानं आणली आणि ‘भेट’ म्हणून दाखल केली. देणगीदाराच्या जागी स्वतःचं नाव न घालता ‘एक वाचक’ असं लिहिलं.

कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानकडून पुस्तकं मिळतात, कधी कपाटं. जिल्हा ग्रंथोत्सव होतो, पुरस्कार जाहीर होतात, १२ ऑगस्टला रंगनाथनांच्या जयंतीला ग्रंथपालांना शाल आणि श्रीफळ मिळतं. बाईंच्या घरी शालींचा ढीग आहे. “शाल कपाटात ठेवता येते, दूधवाल्याला देता येत नाही,” असं म्हणून त्या हसल्या.

दोन वर्षांनी बाई निवृत्त होतील. कार्यकारिणीनं जागा भरायची म्हणून विचारणा सुरू केली आहे. प्रमाणपत्र असलेली दोघं तरुण मुलं येऊन गेली, पगाराचा आकडा ऐकून परत फिरली. एकीला काम आवडलं होतं. ती आता तालुक्यातल्या मोबाइलच्या दुकानात आहे. तिथे तिला जवळजवळ दुप्पट मिळतात. यात तिची चूक नाही. १९६७ च्या कायद्याखालचे नियम पुस्तकांच्या नोंदीबाबत काटेकोर आहेत : कोणती वही, कोणता रकाना, बाद कसं करायचं, सगळं ठरलेलं. ती वही लिहिणाऱ्या हाताला काय द्यायचं, हे मात्र त्यांनी अनुदानाच्या निम्म्या वाट्यावर सोडून दिलं. चाळीस रुपयांचं पुस्तक हरवलं तर ठराव लागतो; तीस वर्षांच्या सेवेचा ग्रंथपाल गेला तर शेऱ्याच्या रकान्यातही जागा नाही.

ग्रंथालय उपकर, वेतनश्रेणी, वेळेवर हप्ता, हे सरकारचं काम आहे आणि ते मागत राहिलं पाहिजे. पण ही वाचनालयं कायद्यानं सभासदांची आहेत. तुमच्या गावात असं वाचनालय असेल तर वर्गणी भरा, आणि वर्षातून एकदा होणाऱ्या सर्वसाधारण सभेलाही जा. बहुतेक सभा गणपूर्तीअभावी तहकूब होतात आणि अर्ध्या तासानं मोजक्या माणसांत उरकतात. तिथे अहवालातलं वेतनाचं पान उघडा आणि आकडा मोठ्यानं वाचायला सांगा. कार्यकारिणीला वर्गणी वाढवायची असेल तर पाठिंबा द्या, फक्त वाढलेला पैसा कशावर जाईल हे ठरावात लिहून घ्या.