दमेकरी मुलगा आणि कोळशाचा संप

मुलांनो, अमेरिकेचे रूझवेल्ट म्हटले की पुष्कळांना दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचे फ्रँकलिन रूझवेल्ट आठवतात. आज सांगणार आहे ते त्यांच्या आधीचे, त्यांच्याच दूरच्या भाऊबंदांपैकी थिओडोर रूझवेल्ट. शिक्षकांनी वर्गात हा घोटाळा आधी मिटवावा, म्हणजे पुढची गोष्ट सरळ चालते.

२७ ऑक्टोबर १८५८ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका सधन घरात त्यांचा जन्म झाला. घरात कशाला काही कमी नव्हते. कमी पडत होता तो श्वास! दमा असा की, रात्री आडवे पडणे मुश्कील. वडील पोराला उचलून घेऊन येरझाऱ्या घालीत, कधी अपरात्री गाडीतून फिरवून आणीत. पोरगा मोठा झाला तसे त्यांनी त्याला बजावले की, बुद्धी तुला आहे, पण शरीर तुझे तुलाच घडवावे लागेल. मग घरातच व्यायामशाळा झाली. वर्षानुवर्षे कसरत चालली, मुष्टियुद्धाचे धडे झाले. आणखी एक गंमत. तेराव्या वर्षाच्या सुमारास चष्मा लागला, तेव्हा कुठे या मुलाला कळले की, आजवर आपल्याला जग धूसरच दिसत होते. मागच्या बाकावरचे ‘ढ’ पोर खरोखर ढ आहे की त्याला फळाच दिसत नाही, हे पाहायला हरकत नाही.

पुढे १४ फेब्रुवारी १८८४ रोजी एकाच घरात, एकाच दिवशी त्यांची आई आणि तरुण पत्नी दोघी वारल्या. मुलगी अवघी दोन दिवसांची. ते राजकारण सोडून डाकोटाच्या माळरानावर गुरे राखायला गेले. दोन वर्षांनी भयंकर हिवाळा आला, त्यात बहुतेक गुरे मेली. परत आले ते कामाच्या मागे लागूनच: पोलीस खाते, आरमार खाते, क्यूबातले युद्ध, न्यूयॉर्कची गव्हर्नरकी. सप्टेंबर १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांचा खून झाला आणि उपाध्यक्ष रूझवेल्ट ४२ व्या वर्षी राष्ट्राध्यक्ष झाले. इतक्या लहान वयात त्या पदावर तोवर कोणी आले नव्हते.

आता खरी कसोटी ऐका. मे १९०२ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या कोळसा खाणींतले सुमारे दीड लाख मजूर संपावर गेले. मजुरी वाढवा, तास कमी करा, असे त्यांचे मागणे. तिकडच्या शहरांत घरे उबदार ठेवायची ती याच कोळशावर. ऑक्टोबर उजाडला, थंडी दाराशी आली. अशा वेळी सरकारने मालकांच्या बाजूने फौज पाठवावी, ही तिथली जुनी वहिवाट. रूझवेल्टांनी दोन्ही बाजूंना वॉशिंग्टनला बोलावले. गाडीच्या अपघाताने पाय जायबंदी, म्हणून स्वतः चाकांच्या खुर्चीत! मजुरांचे पुढारी जॉन मिचेल शांतपणे म्हणाले, लवाद नेमा, आम्ही ऐकू. मालक मात्र त्यांच्याशी बोलायलाही तयार होईनात. तेव्हा रूझवेल्टांनी फौजेची तयारी केली. पण मजुरांवर सोडायला नव्हे, तर खाणी ताब्यात घेऊन सरकारनेच चालवाव्यात म्हणून. हे कळल्यावर मालक नरमले. तरी लवादात कामगार पुढारी नको, हा हट्ट कायम. त्यांच्या यादीत ‘समाजशास्त्रज्ञ’ असा एक सभासद होता. रूझवेल्टांनी त्या जागी रेल्वे कामगारांचा पुढारी नेमला. नाव समाजशास्त्रज्ञ, माणूस कामगारांचा! दोघांचाही मान राहिला. १९०३ मध्ये निवाडा लागला: १० टक्के वाढ, आणि बहुतेकांचा दहा तासांचा दिवस नऊ तासांवर आला. मजूर संघाला मात्र मालकांनी मान्यता दिलीच नाही.

जपान आणि रशिया यांच्यात १९०५ मध्ये तह घडवला, म्हणून पुढच्या वर्षी त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. कोट्यवधी एकर जंगल त्यांनी राखून ठेवले.

पण हाच माणूस घाईने अन्यायही करी. १९०६ मध्ये टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल गावी गोळीबार झाला. कोणी केला ते ठरले नाही, तरी त्यांनी १६७ काळ्या सैनिकांना चौकशीचा खटला न चालवताच काढून टाकले. लष्कराने त्यांना निर्दोष ठरवले ते १९७२ साली! आणि जानेवारी १९०९ मध्ये त्यांनी एका भाषणात हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्याची तोंड भरून स्तुती केली. त्या वेळी लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. खाणमजुरांना समोर बसवून त्यांचे ऐकून घेतले, तसे या दोन्ही वेळी कोणाला समोर बसवले नव्हते.

१४ ऑक्टोबर १९१२ रोजी निवडणुकीच्या दौऱ्यात मिलवॉकी शहरी त्यांच्यावर गोळी झाडली गेली. खिशात घडी घातलेले ५० पानी भाषण होते आणि चष्म्याची धातूची पेटी होती. दोन्ही भेदून गोळी छातीत शिरली, पण फार आत गेली नाही. लहानपणी लागलेला चष्मा असा उपयोगी पडला. रक्ताने भिजलेल्या सदऱ्यानिशी ते तासाहून अधिक वेळ बोलले आणि मगच इस्पितळात गेले. ती निवडणूक ते हरले. ६ जानेवारी १९१९ रोजी त्यांना झोपेत मरण आले, तेव्हाही ती गोळी त्यांच्या छातीतच होती.