तारीख नसलेली आपत्ती

पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर 2018 मध्ये जमीन हादरू लागली आणि पुढे अनेक महिने, त्यानंतर अधूनमधून काही वर्षे, हादरतच राहिली. धुंदलवाडी, हळदपाडा, दापचरी या परिसरात जाणवलेल्या धक्क्यांपैकी बहुतेक सौम्य होते. काही मात्र रिश्टर मापकावर 4 च्या आसपास पोहोचले. अशा घटनाक्रमाला भूकंपशास्त्रात भूकंपमाला म्हणतात, म्हणजे एक मोठा धक्का आणि मागून येणारे त्याचे लहान धक्के असा ओळखीचा क्रम नसतो, तर त्याच भागात लहानमोठे धक्के दीर्घकाळ येत राहतात. केंद्र फार खोल नसल्यामुळे धक्क्याबरोबर स्फोटासारखा आवाज ऐकू येई आणि रात्री घरात झोपण्याची हिंमत उरत नसे.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने येथे भूकंपमापक यंत्रे बसवली. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांत खोल झिरपून तेथील दाब वाढतो व भेगा सरकतात, असे एक स्पष्टीकरण संशोधकांनी मांडले आहे. कारणांची ही चर्चा महत्त्वाचीच आहे, परंतु पाड्यांवरच्या माणसांच्या दृष्टीने त्याहून मोठा प्रश्न असा की, तारीख नसलेल्या आपत्तीची दखल कोण आणि किती काळ घेणार.

1 फेब्रुवारी 2019 रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले आणि घाबरून घराबाहेर पळताना पडून दोन वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला. त्यानंतर काही दिवस राज्यभरच्या वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर तंबू, उघड्यावर भरलेल्या शाळा आणि कडाक्याच्या थंडीत अंगणात झोपलेली कुटुंबे दिसली. 14 फेब्रुवारीला पुलवामाचा हल्ला झाला, मग बालाकोट आणि पाठोपाठ लोकसभेची निवडणूक आली. जुलैच्या अखेरच्या आठवड्यात पुन्हा धक्के बसून घर कोसळले व एका माणसाचा बळी गेला. त्याच आठवड्यात वांगणीजवळ पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती आणि तिच्यातील हजारभर प्रवाशांच्या सुटकेकडे साऱ्या राज्याचे डोळे लागले होते. यात कुणा एका संपादकाचा दोष काढणे अन्यायाचे ठरेल. थॉमस आयझेन्से आणि डेव्हिड स्ट्रोमबर्ग या अर्थशास्त्रज्ञांनी 1968 ते 2002 या काळातील सुमारे 5,000 आपत्तींचा अभ्यास करून 2007 मध्ये दाखवून दिले की, ऑलिंपिकसारख्या मोठ्या बातमीच्या काळात आलेल्या आपत्तीला प्रसिद्धी कमी मिळते आणि त्यामुळे अमेरिकी सरकारची मदत मिळण्याची शक्यताही घटते.

बातमीप्रमाणेच सरकारी मदतीची व्यवस्थाही एका घटनेभोवती उभी आहे. घटना घडते, तलाठी व ग्रामसेवक पंचनामा करतात आणि निकषांनुसार रक्कम ठरते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या तेव्हाच्या निकषांत अंशतः पडलेल्या पक्क्या घराला 5,200 आणि कच्च्या घराला 3,200 रुपये होते, आणि त्यासाठी किमान 15 टक्के नुकसान दिसणे आवश्यक होते. भूकंपमालेत भिंत अशी हिशेबाने पडत नाही. डिसेंबरात कोपऱ्यात केसाएवढी चीर पडते, घरची बाई ती शेणमातीने लिंपून टाकते. फेब्रुवारीत तीच चीर बोटभर होते आणि पहिल्या पावसाचे पाणी तिच्यातून भिंतीच्या पोटात उतरते. यातला कोणताही एक टप्पा स्वतंत्रपणे मोजला तर निकषात बसत नाही आणि लिंपलेल्या चिरेचा पुरावाही राहत नाही. शिवाय दिवाळीनंतर अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्टीवर जातात, तर काही पुरुष मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून. त्यामुळे पंचनाम्याच्या वेळी घराला कुलूप असण्याचाच संभव अधिक.

किनाऱ्यावरील धाकटी डहाणूसारख्या मच्छीमार वस्तीचा अनुभव वेगळा असला, तरी लक्ष सरकण्याची रीत तीच आहे. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा, साहजिकच, समुद्रात बुडालेल्या पी-305 तराफ्यावरील कामगारांच्या मृत्यूने बातम्या व्यापल्या. होडी, जाळी आणि वाळवणीची जागा पुन्हा उभी करण्यासाठी काढलेले कर्ज मात्र पुढचे कित्येक हंगाम फेडावे लागते आणि त्याची बातमी होत नाही.

महाराष्ट्राजवळ या बाबतीत एक मोठा धडा आहे. किल्लारी परिसरात 1992 च्या उत्तरार्धात असेच लहान धक्के जाणवत होते. ते ओसरले, चर्चाही ओसरली, आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या भूकंपात हजारो माणसे गेली. डहाणूत तसेच घडेल असे यावरून म्हणता येत नाही, आणि तशी भीती घालणे गैरच आहे. परंतु किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने जो पुनर्वसन कार्यक्रम राबवला गेला, त्यात 52 गावे नव्या जागी वसवण्यासोबतच सुमारे 2 लाख घरांच्या जागच्या जागी दुरुस्तीचे व मजबुतीकरणाचे काम हाती घेण्यात आले, हे फारसे सांगितले जात नाही. मजबुतीकरण म्हणजे भिंतींचे कोपरे बांधून घेणे, दारे-खिडक्यांच्या वर घराभोवती सलग पट्टा फिरवणे, छपराचे वजन कमी करणे. डहाणू-तलासरीला गरज आहे ती याच कामाची, कारण येथे गावे उठवण्याचा प्रश्न नसून चिरा पडलेल्या विटांच्या भिंतींत रोज झोपावे लागण्याचा आहे. कारवीच्या कुडाची जुनी घरे हलकी असल्याने धक्क्यात लवतात. जड कौलांखालची, मातीत रचलेल्या विटांची भिंत लवत नाही, फुटते.

जिल्ह्याच्या पानावर धक्क्याची बातमी येते तेव्हा तिच्यात रिश्टरचा आकडा आणि जीवितहानी झाली नसल्याचे वाक्य असते. त्याच बातमीत किती घरांचे मजबुतीकरण झाले, किती अर्ज प्रलंबित आहेत आणि कोणत्या शाळेची इमारत अजून तपासली गेलेली नाही, हे तहसील कार्यालयातून विचारून घेतलेले तीन तपशील छापले गेले, तर पुढच्या धक्क्याच्या बातमीत त्यांची तुलना करता येईल.