स्वस्त गिटार आणि राहून गेलेलं काम

पंधरा-वीस हजारांत आज जितकी चांगली इलेक्ट्रिक गिटार मिळते, तितकी पूर्वी कधीच मिळत नव्हती. चीन आणि इंडोनेशियातल्या कारखान्यांत संगणकावर चालणारी यंत्रं बॉडी कापतात, नेक घडवतात, फ्रेटच्या खाचा पाडतात. ही कापणी इतकी काटेकोर असते की या टप्प्यावर स्वस्त आणि महाग गिटारमध्ये फारसं अंतर उरत नाही. अंतर पडतं ते पुढे. यंत्राचं काम संपल्यावर एखाद्या कारागिराने कानस आणि पट्टी घेऊन त्या गिटारपाशी तास-दोन तास बसायचं असतं. ही बैठक स्वस्त गिटारच्या वाट्याला येत नाही, आणि किंमत उतरण्याचं ते एक मोठं कारण आहे. म्हणून अशी गिटार घेताना आणि नंतर तिच्यावर पैसे घालताना मी एकच गोष्ट बघतो: हाताचं कोणतं काम राहून गेलंय, आणि ते आपल्याला पुरं करता येईल का?

यंदा बारावीची परीक्षा संपल्यावर भाच्याला गिटार घ्यायची होती. त्याचा रंग पक्का ठरला होता, काळा. यादीत नेहमीची नावं होती: यामाहाची पॅसिफिका, स्क्वायर, आयबानेझची जिओ, कोर्ट. यातलं कोणतंही नाव घेतलं तरी चालतं. खरा फरक असतो तो एकाच मॉडेलच्या दोन गिटारींमध्ये. म्हणून दुकानात गेल्यावर मी एकाच मॉडेलच्या दोन-तीन गिटारी बाहेर काढायला सांगतो आणि ॲम्प बंद ठेवायला सांगतो. दुकानदार बहुतेक वेळा आधी केबल जोडून डिस्टॉर्शन चढवतो, आणि त्या आवाजात बरंच काही झाकलं जातं. ॲम्पशिवाय गिटार बारीक वाजते खरी, पण तार कुठे घासते, कुठला सूर लवकर मरतो, ब्रिजचा कुठला स्क्रू सैल आहे, हे तेव्हाच कानावर येतं.

आधी नेक. हेडस्टॉककडून एक डोळा मिटून फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडा बघायच्या. नेकला पुढच्या बाजूला किंचित बाक असेल तर काळजी नाही. आत ट्रस रॉड नावाची पोलादी सळई असते, ती कसून बाक कमी करता येतो. पण दोन कडा दोन दिशांना जात असतील, म्हणजे नेकला पीळ पडला असेल, तर ती गिटार तिथेच ठेवायची. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवायची. एकवीस फ्रेट असले तर हे एकशे सव्वीस सूर होतात. पाचेक मिनिटं लागतात, पण दुसऱ्या कुठल्याही तपासणीतून इतकं कळत नाही. बाराव्याच्या पुढे पातळ तार बोटाने वर ओढून बघायची. सूर मध्येच दबला, तर पुढचा एखादा फ्रेट उंच राहिलाय. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून काढलेला सूर ट्यूनरवर ताडून घ्यायचे. थोडा फरक चालतो. तो घरी काढता येतो, फक्त ब्रिजवर तार जिथे टेकते ते सॅडल स्क्रूने पुढेमागे सरकायला जागा हवी.

काळ्या गिटारवर चौदाव्या फ्रेटपाशी पातळ तार ओढली की सूर गुदमरत होता. शेजारची पांढरी स्वच्छ वाजत होती.

“मामा, हे नंतर नीट करता येत नाही का?”

“येतं. पण त्यासाठी फ्रेट घासून सपाट करावे लागतात. ज्याच्याकडे ते काम करायला देशील त्याची मजुरी आधी विचार, मग रंग ठरव.”

त्याने दोन्ही पुन्हा वाजवून पाहिल्या आणि पांढरी उचलली.

नेकवर मी एवढा अडून बसतो, कारण बाकी जवळपास सगळं बदलता येतं. पिकअप, नॉबखालचे पॉट, खुंट्या, सॅडल, नट, सगळं स्क्रूवर नाहीतर सोल्डरवर बसवलेलं असतं. ही रचना मुळातच दुरुस्तीच्या विचारातून आली आहे. कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावात लिओ फेंडर यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५०च्या सुमाराला त्यांनी बाजारात आणलेल्या गिटारचा नेक सरसाने न चिकटवता चार स्क्रूंनी बॉडीला जोडला होता. १९५४च्या स्ट्रॅटोकास्टरमध्येही तीच पद्धत आली, आणि आजच्या बहुतेक स्वस्त गिटारी त्याच आराखड्यावर उभ्या आहेत. तेव्हा नेकही बदलता येतो, पण चांगला नवा नेक अख्ख्या स्वस्त गिटारच्या किमतीला जातो. म्हणून तो दुकानातच पारखून घ्यायचा.

ब्रिजच्या बाबतीत नवशिक्याला माझा सल्ला ठाम असतो: स्थिर ब्रिज, नाहीतर साधा सहा स्क्रूंचा ट्रेमोलो, म्हणजे दांडीने हलवता येणारा ब्रिज. फ्लॉइड रोझ पद्धतीचा तरंगता ब्रिज या किमतीत टाळावा. तो दोन बारीक धारांवर तोललेला असतो. धातू नरम असला की त्या धारा झिजतात, आणि मग तारा मूळ सुरावर परत येत नाहीत.

घरी आल्यावर खरं काम सुरू होतं. जुन्या तारा काढून ०.००९ इंचापासून सुरू होणारा नवा संच चढवायचा आणि सुरात लावायचा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबायची आणि मध्ये, सातव्या-आठव्या फ्रेटवर, तारेखाली किती फट उरते ते मोजायचं. त्यासाठी गॅरेजमध्ये व्हॉल्व्हची फट मोजायला वापरतात तोच फिलर गेज चालतो. पाव मिलिमीटरच्या आसपास फट असली की पुरे. जास्त असेल तर ट्रस रॉड पाव फेरा कसायचा, पुन्हा सूर लावायचा, पुन्हा मोजायचं. इथे घाई केली तर सळईचे आटे जातात. नंतर सॅडल खालीवर करून बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दीड-पावणेदोन मिलिमीटरवर आणायची.

भाच्याच्या गिटारवर हात फिरवला की फ्रेटची टोकं तळव्याला टोचत होती. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हे हमखास होतं. दमट हवेत तयार झालेल्या नेकचं लाकूड इथे आकसतं, फ्रेटचा धातू आकसत नाही, आणि टोकं कडेच्या बाहेर डोकावतात. या गिटारचा फ्रेटबोर्ड लॉरेलचा होता. इंडियन लॉरेल म्हणून जे लाकूड विकलं जातं ते आपल्या सह्याद्रीतही वाढणाऱ्या ऐनाचं. शिसवाच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७मध्ये निर्बंध आले आणि स्वस्त गिटारींवर लॉरेल दिसू लागलं. लाकडाला मास्किंग टेप लावून मी एकेक टोक बारीक कानशीने गोल केलं, मग चारशे, आठशे आणि दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने क्रमाने घासलं. सगळी संध्याकाळ त्यात गेली. शेवटी भाच्याने नेकवरून हात वरखाली फिरवला आणि म्हणाला, “ही दुसरीच गिटार वाटतेय.”

पण सगळ्यात मोठा फरक पडतो तो नटने. हेडस्टॉकजवळची ती प्लॅस्टिकची किंवा हाडाची पट्टी, जिच्या सहा खाचांतून तारा जातात. कारखान्यात या खाचा मुद्दाम उथळ ठेवतात, कारण खोल गेलेली खाच भरून काढणं अवघड. उथळ खाचेमुळे तार पहिल्या फ्रेटवर उंच राहते. तपासायला तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर किती फट आहे ते बघायचं. केसाएवढी असावी. या गिटारवर जाड पोस्टकार्ड सहज सरकत होतं. अशा गिटारवर एफचा कॉर्ड धरायला नको तेवढा जोर लागतो, आणि एवढं करूनही सूर चढाच येतो, कारण दाबताना तार ताणली जाते. शिकणारा मात्र समजतो की आपली बोटंच कमकुवत आहेत, आपला कानच कच्चा आहे. कितीतरी मुलं याच टप्प्यावर गिटार सोडून देतात, आणि दोष असतो त्या पट्टीतल्या अर्ध्या मिलिमीटरचा.

खाच घासायच्या खास कानशी महाग असतात. गॅस वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या खरबरीत काड्यांचा संच हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, त्यातली तारेच्या जाडीची काडी निवडली तरी काम होतं. तार बाजूला सरकवायची, काडी खुंटीच्या दिशेने किंचित खाली झुकवायची आणि चार-पाच हात मारायचे. तार पुन्हा बसवायची, सूर लावायचा, फट बघायची. पुन्हा चार हात. उतार खुंटीकडेच हवा, म्हणजे तार खाचेच्या फ्रेटबोर्डकडच्या कडेवर टेकते. खाच सपाट राहिली तर तार तिच्यावर टेकत-सुटत झणझणते. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या रुंद घोडीवर हेच मुद्दाम घडवून आणतो आणि त्यातून जवारी खुलते. गिटारला तो झणकार नको असतो, पण दोन्हीकडे कसब तेच: तार नेमकी कुठून सुटते हे कानाने ऐकत कानस चालवायची.

याच खाचांमुळे आणखी एक गैरसमज होतो. गिटार सुरात राहत नाही म्हटलं की लोक खुंट्या बदलायला निघतात. खुंटी फिरवताना नटपाशी ‘टक्’ असा आवाज आला तर खुंटी निर्दोष आहे, तार खाचेत अडकते आहे. खाच जरा रुंद करून तिच्यात पेन्सिलीचं शिसं घासलं की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो.

आता वीज. स्ट्रॅट पद्धतीच्या गिटारचा पिकगार्ड उघडला की तीन सिंगल कॉइल पिकअप दिसतात. केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, मध्ये सहा खिळे. स्वस्त पिकअपमध्ये हे खिळे साध्या पोलादाचे असतात आणि खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली असते. महागड्यांत खिळे स्वतःच अल्निकोचे चुंबक असतात. आवाजात फरक पडतो, पण पिकअप बदलण्याआधी स्क्रू ड्रायव्हरने त्यांची उंची बदलून बघावी. चुंबक तारेच्या फार जवळ असला तर तो तारेला ओढतो आणि जाड तारेचा सूर डळमळतो. पिकअप मिलिमीटरभर खाली नेला तरी आवाज मोकळा होतो, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

गुणगुण हा दुसरा नेहमीचा त्रास. पिकगार्डखालची पोकळी तांब्याच्या टेपने मढवून ती ग्राउंडला जोडली की ट्यूबलाइट आणि डिमरची खरखर बरीच कमी होते. पन्नास हर्ट्झच्या विजेची चुंबकीय गुणगुण मात्र टेपने जात नाही. ती उलट-सुलट गुंडाळलेल्या दोन कॉइलींनी जाते, आणि हंबकर त्यासाठीच जन्माला आला. ब्रिजपाशी हंबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल, ही मांडणी नवशिक्याला सगळ्यात उपयोगी. पण या सगळ्याआधी घरचं अर्थिंग तपासून घ्यावं. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, त्यामुळे सदोष अर्थिंग हा केवळ आवाजाचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. टेप आणि पॉट आम्ही पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणले. सिंगल कॉइलला २५० किलोओहमचा पॉट, हंबकरला ५००चा, आणि व्हॉल्यूमसाठी शक्यतो लॉग प्रकारचा, नाहीतर नॉब थोडा फिरवला की आवाज एकदम उडी घेतो.

आपल्याच हाताने गिटार घडवण्याला मोठी परंपरा आहे. गिटारवादक ब्रायन मे यांनी १९६३मध्ये वडिलांबरोबर स्वतःची गिटार करायला घेतली. तिचा नेक शेकोटीच्या जुन्या चौकटीच्या लाकडातून आला आणि ट्रेमोलोच्या स्प्रिंगा मोटरसायकलच्या इंजिनातून. पुढे त्यांच्या क्वीन या रॉक बँडची गाणी त्याच गिटारवर वाजली. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांनी कारखान्याने कमी प्रतीची ठरवलेली बॉडी आणि वेगळा नेक जोडून त्यात गिब्सन गिटारमधला हंबकर बसवला, आणि तो शिट्टी मारू नये म्हणून पॅराफिन मेणात बुडवला. दोघांनीही खर्च केला तो मुख्यतः वेळ.

म्हणून खर्चाचा क्रम असा असावा. आधी तारा आणि पूर्ण सेटअप. मग नट. मग चांगला छोटा ॲम्प, कारण वाईट ॲम्पमधून महाग पिकअपही वाईटच ऐकू येतो. मग पॉट, स्विच, जॅक. पिकअप सगळ्यात शेवटी, आणि तोही काय कमी पडतंय हे शब्दांत सांगता येऊ लागल्यावर. काढलेला प्रत्येक मूळ भाग डब्यात जपून ठेवावा, पुढे गिटार विकताना तो पुन्हा लावता येतो.

हे सगळं प्रत्येकाने घरी करावं असा आग्रह नाही. पण मुलासाठी गिटार घेणाऱ्या आईवडिलांनी दुकानात दोन गोष्टी मागाव्यात: ‘नटची उंची आमच्यासमोर तपासा’ आणि ‘सेटअप करून द्या, त्याचे वेगळे पैसे देतो’. गिटारसोबत फुकट मिळणारी बॅग, पट्टा आणि पिक यांपेक्षा या पैशांचा मुलाला कितीतरी जास्त उपयोग होईल. बोटांना झेपणारी, सुरात राहणारी गिटार हातात असली, तरच आपल्याला हे जमतंय का याचा त्याला खरा अंदाज येतो.