अंदमानला कधी जावं? आधी वारा बघा, मग सुट्टी

दरवर्षी मे महिन्याच्या मध्यावर मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर एक बातमी ठरलेली असते : मान्सून अंदमानात दाखल. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाने होरपळलेला माणूस ती वाचून सुखावतो. आता केरळ, मग कोकण, मग आपण, असा हिशेब सुरू होतो. त्याच आठवड्यात मुलांच्या सुट्टीचा मुहूर्त साधून पुण्या-मुंबईची, नागपूर-नाशिकची कितीतरी कुटुंबं पोर्ट ब्लेअरच्या विमानात बसतात. बातमी सगळ्यांनी वाचलेली असते, पण ती आपल्या सहलीबद्दल आहे हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

सरकारदरबारी पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्री विजयपुरम आहे, हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप. चौकशी करताना मात्र लोक अजून जुनीच नावं घेतात, म्हणून इथेही तीच ठेवतो.

गैरसमज : मे म्हणजे उन्हाळा, पाऊस जूनमध्ये

हे महाराष्ट्राचं वेळापत्रक झालं. नैर्ऋत्य मोसमी वारे भारताच्या हद्दीत सगळ्यात आधी दक्षिण अंदमान समुद्र आणि निकोबारवर पोहोचतात, तेही साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात. केरळात त्यांची सर्वसाधारण तारीख 1 जून, मुंबईत 11 जून. 2024 साली मान्सून अंदमान परिसरात 19 मेला आला, 2025 साली तर 13 मेलाच. म्हणजे महाराष्ट्रात आमरस चालू असतो तेव्हा तिथे छत्र्या उघडलेल्या असतात. शिवाय पाऊस ‘दाखल’ झाल्याची घोषणा व्हायच्या आधीच वळवासारख्या सरी सुरू झालेल्या असतात. बंगालच्या उपसागरात मे महिन्यात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, की तो याच परिसराच्या आसपास असण्याची शक्यता मोठी असते.

सुट्टीचं गणित त्यामुळे असं बसतं : एप्रिलचा उत्तरार्ध आणि मेचा पहिला आठवडा ठीक, 10 मेनंतर जुगार. प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातीत ‘समर स्पेशल’ म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच्या तारखा छापलेल्या असतात. समर महाराष्ट्रातला असतो, सहल अंदमानची.

गैरसमज : दिवाळी ते नाताळ म्हणजे खात्रीचा काळ

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. पैशाच्या अर्थानेही, कारण डिसेंबरचा शेवटचा आठवडा तिथला सर्वाधिक गर्दीचा आणि चढ्या दराचा असतो.

आपल्याकडे दसऱ्यानंतर आभाळ निवळतं, दिवाळीपर्यंत तर पाऊस विसरलेला असतो. अंदमानात तसं होत नाही. नैर्ऋत्य वारे परतले की ईशान्येकडून वारे वाहू लागतात, आणि बंगालच्या उपसागरावरून येताना तेही बाष्प घेऊन येतात. तमिळनाडूला ज्या वाऱ्यांमुळे ऑक्टोबर ते डिसेंबरात पाऊस मिळतो, तेच हे. मुंबईत नोव्हेंबर जवळजवळ कोरडा जातो, पोर्ट ब्लेअरमध्ये त्याच महिन्यात साधारण दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. डिसेंबरात तो कमी होतो, पण थांबत नाही.

त्यात चक्रीवादळांचा हंगाम. बंगालच्या उपसागरात वादळांचे दोन मोसम आहेत, मान्सूनच्या आधी आणि मान्सूननंतर. दुसरा मोसम ऑक्टोबर ते डिसेंबर. आंध्र किंवा ओडिशाच्या किनाऱ्यावर आदळणारी अनेक वादळं अंदमानच्या आसपास जन्माला येतात किंवा बाल्यावस्थेत तिथून जातात. तेव्हा ती फार उग्र नसतात, पण समुद्र खवळवायला तेवढी पुरतात. 2013 च्या नोव्हेंबरात ‘लहर’ वादळ पोर्ट ब्लेअरजवळून बेटं ओलांडून पुढे गेलं. 2016 च्या डिसेंबरात ‘वरदा’ चेन्नईत पोहोचण्याच्या काही दिवस आधी त्याच वातावरणाने हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले. बोटी बंद, वीज नाही, हॉटेलांतलं सामान संपत आलेलं. शेवटी नौदलाची जहाजं आणि हेलिकॉप्टरं पाठवून त्यांना आणावं लागलं. 2019 च्या जानेवारीत तर थायलंड ओलांडून आलेलं ‘पाबुक’ अंदमान समुद्रात उतरलं.

म्हणून डिसेंबरात जाऊच नये असं नाही. बहुतेक वर्षी बहुतेक लोक डिसेंबरात मजेत फिरून येतात. चूक वेगळीच होते : डिसेंबर म्हणजे हमी, या समजुतीने लोक तासातासाचं वेळापत्रक बांधतात. सकाळी हॅवलॉकहून निघायचं आणि त्याच दुपारचं परतीचं विमान पकडायचं. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक बोटीने दीड-दोन तासांचं अंतर, कागदावर सगळं जमतं. समुद्राने एक दिवस नकार दिला की विमानाचं तिकीट आणि मुंबईतली सोमवारची हजेरी दोन्ही जातात. मुक्कामाची शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच ठेवायची, मोसम कुठलाही असो.

गैरसमज : हिवाळ्यात तिथे गारवा असतो

नसतो. पुण्यात डिसेंबरची रात्र दहा-बारा अंशांवर येते, पोर्ट ब्लेअरमध्ये ती तेवीसच्या आसपास राहते. दिवसा वर्षभर एकोणतीस ते बत्तीस-तेहतीस. सर्वांत उष्ण आणि सर्वांत थंड महिन्यांच्या सरासरीत जेमतेम तीन-चार अंशांचा फरक. स्वेटर घरी राहू द्या. नागपूरच्या 44 अंशांतून आलेल्याला आकडा ऐकून बरं वाटतं, पण हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या घरात असते आणि वाळत घातलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच मिळतो.

विषुववृत्ताजवळच्या बेटावर ऋतू तापमानाने ठरत नाहीत, पाऊस आणि वाऱ्याने ठरतात. इतकं ध्यानात ठेवलं तर निम्मे प्रश्न सुटतात.

गैरसमज : पावसाळ्यात सगळं बंद, सतत मुसळधार

वर्षभराचा पाऊस पाहिला तर अंदमान मुंबईच्या पुढे आहे, सुमारे तीन हजार मिलिमीटर. पण तो मेपासून डिसेंबरपर्यंत पसरलेला असतो. मुंबईच्या एकट्या जुलैत आठशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पोर्ट ब्लेअरच्या सर्वांत ओल्या महिन्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास. आंबोली किंवा महाबळेश्वरच्या पावसाला सरावलेल्या माणसाला घाबरवेल असं तिथे काही नाही. तासभर सर, मग ऊन, मग पुन्हा सर, असे दिवस पुष्कळ. कमी दाबाचा पट्टा बसला तर मात्र तीन-चार दिवस सूर्य दिसत नाही.

‘बंद’ची आवई उठते ती अर्धवट माहितीतून. वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जॉली बॉय हे प्रवाळाचं बेट पावसाळ्यात पर्यटकांसाठी बंद असतं, हे खरं. पण त्या काळात शेजारचं रेड स्किन बेट उघडं असतं. दोन्ही बेटं वर्षाआड नव्हे, सहा-सहा महिन्यांनी आलटून पालटून उघडतात, म्हणजे प्रवाळाला विसावा मिळतो. सेल्युलर जेल, संग्रहालयं, शहरातली ठिकाणं बारमाही. फक्त जेलच्या आवारातला ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम उघड्यावर असतो, तेव्हा मुख्यतः सावरकरांची कोठडी पाहायला निघालेल्या मंडळींनी पावसाळ्यात त्यासाठी हाताशी एक संध्याकाळ जास्तीची ठेवावी.

खरी अडचण पावसाची नसून वाऱ्याची. पाऊस पडत असताना बोट जाते, वारा सुटल्यावर जात नाही. डायव्हिंगवाले पावसाला भीत नाहीत, पण लाटांनी वाळू ढवळली की पाण्याखाली हातभर पुढचं धूसर होतं.

आणि वाऱ्याला दिशा असते, ही गोष्ट सहलीच्या माहितीपत्रकात कधी सापडत नाही. हॅवलॉकचा प्रसिद्ध राधानगर किनारा पश्चिमेला आहे. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य वारे थेट त्याच्या तोंडावर येतात, लाटा उंच, पोहणं धोक्याचं. त्याच दिवशी पूर्वेकडच्या विजयनगर किनाऱ्यावर पाणी पुष्कळ शांत असू शकतं. डिसेंबर-जानेवारीत चित्र उलटतं : ईशान्य वाऱ्याने पूर्व बाजू खळबळते आणि राधानगर आरशासारखं निवांत पडलेलं असतं. एकाच बेटावर, दोन-चार कोसांच्या अंतरात, दोन ऋतू. लाल बावटा लावलेला दिसला तर हुज्जत घालू नये.

गैरसमज : सदाहरित जंगल बारा महिने सारखंच

अंदमान-निकोबारचा चार-पंचमांशांहून जास्त भूभाग वनाखाली आहे, तरी बहुतेक मराठी पर्यटक समुद्र बघून परततो. त्या जंगलालाही मोसम असतो. उंच गर्जन वृक्षांचं सदाहरित वन बाराही महिने हिरवं राहतं, पण त्याला लागूनच पानझडी वनंही आहेत. अंदमानचा राज्यवृक्ष पडौक आणि त्याचे सोबती कोरड्या महिन्यांत पानं गाळतात. मार्चमध्ये मध्य अंदमानातून जाताना काही टेकड्या चक्क उघड्या दिसतील. जंगल मेलेलं नसतं, पावसाची वाट बघत असतं.

भर पावसात जंगल सर्वांत देखणं आणि सर्वांत गैरसोयीचं. पोर्ट ब्लेअरसमोरच्या माउंट हॅरिएटवरून, म्हणजे आताच्या माउंट मणिपूरवरून, काला पत्थरकडे जाणारी पायवाट निसरडी होते. पायमोजे पॅन्टवर ओढून घेतले नाहीत तर जळवा घोट्यापर्यंत पोहोचतात. तंबाखूचं पाणी किंवा मीठ सोबत ठेवायचा जंगलातला जुना उपाय इथेही चालतो. पक्षी पाहणाऱ्यांनी जानेवारी ते मार्च धरावा. चिडिया टापूच्या झाडीत पहाटे गेलं तर फक्त याच बेटांवर आढळणारे पक्षी दिसतात, त्यात काळा अंदमानी सुतारपक्षीही.

कासवांचं वेळापत्रक वेगळं. उत्तरेला दिगलीपूरजवळ काळीपूरच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात ती साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत. त्यासाठी जाणाऱ्याने समुद्राच्या शांततेचा हट्ट धरू नये.

गैरसमज : महिना ठरला की झालं

महिन्याइतकीच तिथीही पाहावी, आणि इथे आपलं पंचांग कामाला येतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, अष्टमीच्या सुमारास भांग, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. नील बेटावरचा प्रवाळाचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच पायी जवळून पाहता येतो. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेल्या या बेटावर त्याला लोक हावडा ब्रिज म्हणतात. उधाणाच्या दिवसांत ओहोटी खोल जाते, डबक्यांत तारामासे, समुद्रकाकड्या, लहानसहान खेकडे सापडतात. भरतीच्या वेळी पोहोचणाऱ्याला फक्त पाणी दिसतं आणि ‘काही खास नाही’ असं सांगत तो परत येतो. रात्री चमकणाऱ्या पाण्यातून कयाक चालवायची असेल तर उलट काळोख हवा : अमावास्येच्या आगेमागे चार दिवस. पौर्णिमेला पैसे भरून चांदणंच बघावं लागतं.

घड्याळाचंही तसंच. अंदमान मुंबईच्या वीस अंश पूर्वेला, पण वेळ एकच. डिसेंबरात तिथे पाच वाजता सूर्य बुडतो, मुंबईपेक्षा तासभर आधी. मेमध्ये पहाटे पाचच्या आतच उजाडतं. नऊला न्याहारी करून दहाला बाहेर पडणारं कुटुंब दिवसाचा उत्तम भाग झोपेत घालवतं आणि मग तिथे वेळच पुरत नाही म्हणतं.

हे गणित एका अंदमानापुरतं नाही. मलेशियात पूर्व किनाऱ्यालगतच्या टिओमन बेटावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी पर्यटन जवळजवळ थंडावतं, त्याच दिवसांत पश्चिमेचं लंकावी बहरात असतं. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे आपल्याकडची मंडळी नाताळात तिथे जातात तेव्हा तिथे भर पावसाळा असतो.

मग अंदमानला जायचं केव्हा? समुद्र सर्वांत शांत, पाणी सर्वांत स्वच्छ आणि पाऊस सर्वांत कमी तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे नेमका दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत. आपल्या दोन्ही मोठ्या सुट्ट्या, दिवाळीची आणि मेची, पावसाच्या दोन टोकांना पडतात. निवृत्त मंडळी, नवविवाहित, आणि ज्यांच्या घरात शाळा नाही त्या सर्वांनी फेब्रुवारी-मार्च सोडू नये. गर्दीही नाताळापेक्षा कमी असते. एप्रिलमध्ये समुद्र तसाच शांत असतो, फक्त पाणी तापत जातं. 2010 साली एप्रिल-मेमध्ये ते इतकं तापलं, की अंदमानातलं बरंचसं प्रवाळ पांढरं पडलं. शाळकरी मुलांच्या आईबापांनी मात्र परीक्षा संपली की लगेच निघावं, आणि 10 मेच्या आत घरी परत यावं.